सेंद्रिय द्राक्षारस आणि वेदीवरचा चषक

नाताळच्या किंवा मे महिन्याच्या सुट्टीत परदेशी असलेले आपले आप्त ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीला घरी येतात, तेव्हा चॉकलेटे आणि अत्तरे यांच्याबरोबर कधी कधी वाइनची एखादी बाटलीही सामानातून बाहेर निघते. बाटली फ्रान्सची असेल तर तिच्या लेबलवर हिरव्या पानाचे चिन्ह आणि ‘बायो’ हा शब्द दिसू शकतो. मळा जुना असेल तर तो कोणत्या शतकात कोणत्या मठवासीयांनी लावला, हेही अभिमानाने छापलेले असते. अशा वेळी घरातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीच्या मनात साहजिकच विचार येतो, की रासायनिक औषधांविना तयार झालेला, तोही मठवासीयांच्या मळ्यातला हा पांढरा द्राक्षारस आपण पिऊन संपविण्यापेक्षा पवित्र मिस्सासाठी फादरांना का देऊ नये? वेदीवर शुद्ध तेच अर्पण व्हावे, ही भावना त्यामागे असते.

भावना उत्तम आहे. परंतु तिच्यामागे एक गैरसमज दडलेला आहे. लेबलवरील ‘सेंद्रिय’ हा शब्द आणि चर्चच्या कायद्यातील ‘नैसर्गिक’ हा शब्द आपण समानार्थी समजतो. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. द्राक्षे कशी पिकविली, हे पहिला शब्द प्रामुख्याने सांगतो. चषकात जे आहे ते खरोखर द्राक्षवेलीच्या फळाचे आहे काय, हे दुसरा शब्द विचारतो. हा फरक ध्यानात आला, म्हणजे अशा बाटलीचे काय करावे याचे उत्तर आपोआप मिळते. शिवाय आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदारांच्या कष्टांकडे पाहण्याची दृष्टीही लाभते.

मठवासीयांनी लावलेला मळा

फ्रान्सच्या पश्चिम भागात लुआर नदीच्या काठी, आंजे शहराजवळ साव्हनिएर नावाचे गाव आहे. तेथील नदीकाठच्या उतारावर ‘कुले द सेरां’ हा जेमतेम ७ हेक्टरांचा, म्हणजे सुमारे १७ एकरांचा द्राक्षमळा आहे. इ.स. ११३० मध्ये सिस्टर्शियन मठवासीयांनी तो लावला आणि तेव्हापासून तेथे द्राक्षवेल उभी आहे, असे या मळ्याचा इतिहास सांगतो. त्या काळी आपल्या ठाण्यावर, म्हणजे तेव्हाच्या श्रीस्थानकावर, शिलाहारांचे राज्य होते, हे लक्षात घेतले म्हणजे नऊशे वर्षांचा हा पल्ला किती मोठा आहे याची कल्पना येते. या मळ्याच्या परिसराला आजही ‘मठवासीयांचा खडक’ अशा अर्थाचे नाव आहे.

मठवासीयांनी द्राक्षमळे का लावले, याचे उत्तर त्यांच्या जीवनपद्धतीत आहे. सिस्टर्शियन संघाची स्थापना १०९८ साली फ्रान्समधील सितो येथे झाली. प्रार्थना आणि अंगमेहनत ही संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीतील दोन चाके या संघाने पुन्हा जोमाने चालविली. रोजच्या मिस्साला द्राक्षारस हवाच असे. पाहुण्यांचे आतिथ्य करणे हे तर मठाचे कर्तव्यच होते. संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयासाठी रोजच्या द्राक्षारसाचे एक ठरावीक माप पुरेसे मानले होते आणि अतिरेक होऊ नये, अशी ताकीदही दिली होती. अशा रीतीने वेदी, भोजनगृह आणि अतिथिगृह या तिन्ही ठिकाणांची गरज भागविण्यासाठी मठांनी मळे राखले. कोणत्या उतारावर कोणती वेल चांगली येते, याच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या ठेवल्या. बर्गंडी प्रांतातील क्लो द व्हुजो हा प्रसिद्ध मळाही याच संघाने दगडी भिंतीने वेढून जोपासला. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चच्या मालमत्ता राष्ट्राच्या ताब्यात गेल्या आणि असे कितीतरी मळे खासगी मालकांकडे आले.

कुले द सेरां हा मळा १९६० च्या दशकात जोली कुटुंबाकडे आला. या कुटुंबातील निकोला जोली यांनी बँकेतील नोकरी सोडून मळ्याची जबाबदारी घेतली. आरंभी त्यांनी तज्ज्ञांच्या सल्ल्याने तणनाशके वापरली. थोड्याच काळात मातीचा रंग पालटला आणि तीत दिसणारे कीटक नाहीसे झाले, असे ते स्वतः सांगत आले आहेत. या अनुभवाने अस्वस्थ होऊन १९८० च्या दशकात त्यांनी रासायनिक खते व तणनाशके सोडून दिली. मळ्याच्या काही भागात पुन्हा घोड्याचा नांगर फिरू लागला. तेथे ‘शेनिन ब्लां’ या एकाच वाणाची द्राक्षे पिकतात आणि त्यांच्यापासून केवळ पांढरी वाइन तयार होते.

जोली यांची पद्धत ‘बायोडायनॅमिक’ म्हणून ओळखली जाते. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली दिलेल्या व्याख्यानांतून ती पुढे आली. तिच्यात गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात आणि पुढे ते पाण्यात घुसळून शेतात शिंपडतात. शेणखत व जीवामृत वापरणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला यातील काही भाग ओळखीचा वाटेल. मात्र चंद्र व ग्रह यांच्या स्थितीनुसार कामे करण्याच्या ज्या कल्पना या पद्धतीत आहेत, त्या स्टायनर यांच्या स्वतःच्या आहेत. मठवासीयांच्या परंपरेतून त्या आलेल्या नाहीत. मळा मठाचा म्हणून त्यातील प्रत्येक गोष्ट चर्चची, असे समजण्याचे कारण नाही.

पांढरा द्राक्षारस कसा तयार होतो

द्राक्षाचा रंग त्याच्या सालीत असतो. गर बहुतेक वाणांत फिकटच असतो. लाल वाइनसाठी काळी द्राक्षे सालीसकट आंबवितात. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे तोडल्याबरोबर दाबयंत्रात घालून रस वेगळा काढतात आणि साली बाजूला करतात. मग किण्व, म्हणजे यीस्ट, या रसातील साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांत रूपांतर करते. हे काम थंड तापमानात, साधारणपणे १२ ते १८ अंश सेल्सिअसवर, सावकाश होऊ दिले तर फळाचा सुगंध टिकतो. तयार वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे ११ ते १४ टक्के असते.

हवा लागली की ही वाइन बिघडू लागते. हवेतील जीवाणू मद्यार्काचे आम्ल करतात आणि वाइनचे व्हिनेगर होते. ते टाळण्यासाठी शतकानुशतके गंधकाचा उपयोग होत आला आहे. आज तो गंधकाच्या डायऑक्साइडच्या, म्हणजे सल्फाइटच्या, रूपात अत्यल्प प्रमाणात घातला जातो. ही बाब लक्षात ठेवावी. कारण सेंद्रिय वाइन आणि वेदी या दोहोंच्या संदर्भात ती पुन्हा येणार आहे.

हिरव्या पानाचा अर्थ

युरोपीय संघाने १९९१ साली सेंद्रिय शेतीचे पहिले नियम केले. तथापि कित्येक वर्षे ते द्राक्षांपुरतेच होते. लेबलवर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे. वाइन बनविण्याच्या प्रक्रियेचे नियम २०१२ साली झाले आणि त्या वर्षाच्या १ ऑगस्टपासून ‘सेंद्रिय वाइन’ हे शब्द युरोपात अधिकृतपणे वापरात आले.

या नियमांनुसार मळ्यात कृत्रिम खते, कृत्रिम कीटकनाशके व तणनाशके चालत नाहीत. जुन्या मळ्याचे रूपांतर करावयाचे तर सेंद्रिय पद्धतीने तीन वर्षे काढावी लागतात. वाइनमध्ये सल्फाइट घालण्यास बंदी नाही. मात्र त्याची मर्यादा कमी आहे. सामान्य कोरड्या पांढऱ्या वाइनला लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत मुभा आहे, तर सेंद्रिय कोरड्या पांढऱ्या वाइनला १५० मिलिग्रॅमपर्यंत. अमेरिकेचे नियम याहून कडक आहेत. तेथे ‘सेंद्रिय वाइन’ म्हणवून घेणाऱ्या वाइनमध्ये सल्फाइट वरून घालताच येत नाही. म्हणजे एकच शब्द दोन देशांत दोन अर्थांनी वापरला जातो.

‘सेंद्रिय’ याचा अर्थ ‘काहीही न फवारलेले’ असाही नाही. १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून आलेल्या केवडा रोगाने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त होऊ लागले. बोर्दो प्रांतातील काही बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद व चुना यांचे निळे मिश्रण शिंपडत असत. त्या वेलींना रोग कमी लागतो, हे प्राध्यापक मिलार्डे यांच्या ध्यानात आले आणि १८८५ साली त्यांनी त्याचा उपाय म्हणून प्रसार केला. तेच आपल्याकडचे ‘बोर्डो मिश्रण’. नाशिकच्या कोणत्याही बागाईतदाराला हे नाव पाठ असते. सेंद्रिय मळ्यांतही तांबे आणि गंधक चालतात. मात्र तांबे जमिनीत साचत जाते व गांडुळांना अपाय करते. म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलोग्रॅम अशी त्याची कमाल मर्यादा घातली आहे.

आणखी एक गोष्ट सामान्य ग्राहकाला ठाऊक नसते. थंड प्रदेशात द्राक्षे पुरेशी गोड झाली नाहीत, तर मद्यार्क वाढावा म्हणून आंबविण्यापूर्वी रसात साखर मिसळण्याची मुभा युरोपच्या काही भागांत आहे. सेंद्रिय वाइनमध्येही ती आहे. घातलेली साखर सेंद्रिय असली म्हणजे झाले. प्रत्येक उत्पादक तसे करतो असे नव्हे; पण हिरव्या पानाचे चिन्ह तसे न केल्याची हमी देत नाही.

कसारा घाटाच्या वर

ज्या शेनिन ब्लां वाणाचा वर उल्लेख केला, ते आपल्याला वाटते तितके परके नाही. कल्याणहून गाडी कसारा घाट चढून गेली, की नाशिक जिल्ह्यात त्याच वाणाचे मळे लागतात. राजीव सामंत यांच्या सुला या वाइननिर्मिती संस्थेने शेनिन ब्लां आणि सोव्हिन्याँ ब्लां ही दोन फ्रेंच वाणे गंगापूर धरणाच्या परिसरात लावली आणि २००० साली तिची पहिली वाइन बाजारात आली. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केले आणि विंचूर येथे वाइन उद्यान उभारले. पुढे ‘नाशिक व्हॅली’ वाइनला भौगोलिक मानांकनही मिळाले. तरीही महाराष्ट्रातील बहुतांश द्राक्षे खाण्यासाठी आणि बेदाण्यासाठीच पिकतात, हे विसरता कामा नये.

एकच वाण, पण दोन देशांत त्याचे जीवन किती निराळे! लुआरच्या काठी कडाक्याच्या थंडीत वेल झोपी जाते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ देते. नाशिकला तिला झोप मिळतच नाही. म्हणून बागाईतदार वर्षातून दोन छाटण्या करतो. एप्रिलमधील खरड छाटणीने काडी तयार होते आणि पावसाळा सरल्यावरच्या गोडी छाटणीने फळ धरते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारणपणे जानेवारी ते मार्च या काळात होते. गोडी छाटणीनंतर अवकाळी पाऊस झाला की केवडा आणि ढगाळ हवा पडली की भुरी, ही संकटे ठरलेलीच. एका रात्रीच्या पावसाने वर्षाची मेहनत वाया जाते आणि कर्ज तेवढे मागे उरते. अशा परिस्थितीत फवारणीचा पंप खाली ठेवा, हे सांगणे सोपे आहे. करणे फार कठीण आहे.

त्याचबरोबर फवारणीची किंमतही बागाईतदारांनी मोजली आहे. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात गेलेली भारतीय द्राक्षे अडकून पडली आणि निर्यातदार व शेतकरी यांना मोठा फटका बसला. निर्यातीच्या द्राक्षांची बागनिहाय नोंद ठेवून अंशतपासणी करण्याची ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था त्याआधीच, २००६ मध्ये, सुरू झाली होती. या प्रसंगानंतर तपासणीचे महत्त्व अधिकच पटले. सेंद्रिय उत्पादनांच्या प्रमाणीकरणाचा भारताचा राष्ट्रीय कार्यक्रम २००१ पासून आहे आणि २०१७ पासून ‘जैविक भारत’ हे चिन्ह वापरात आले. सेंद्रिय मालाला जादा पैसे मोजणारा ग्राहक फवारणी करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसांचा आणि गावच्या विहिरीच्या पाण्याचाही विचार करीत असतो. निदान त्याने तो करावा. सेंद्रिय शेतीचे खरे मोल येथे आहे.

वेदीवर काय चालते

आता दुसऱ्या शब्दाकडे वळू. ठाणे व कल्याण-डोंबिवलीत दोन परंपरांचे कॅथलिक शेजारी शेजारी राहतात. लॅटिन विधीचे धर्मग्राम मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. तर सिरो-मलबार विधीच्या भाविकांसाठी १९८८ साली कल्याण धर्मप्रांताची स्थापना झाली. दोन्ही परंपरांचे कायदेग्रंथ स्वतंत्र आहेत. लॅटिन चर्चच्या संहितेतील ९२४ वे कलम आणि पौर्वात्य चर्चेसच्या संहितेतील ७०६ वे कलम या बाबतीत एकच गोष्ट सांगतात. मिस्साचा किंवा पवित्र कुर्बान्याचा द्राक्षारस नैसर्गिक हवा, द्राक्षांचा हवा आणि न बिघडलेला हवा. मिस्साग्रंथातील सर्वसाधारण सूचनांच्या ३२२ व्या परिच्छेदात त्याला जोड दिली आहे, की त्यात कोणताही परका पदार्थ मिसळलेला नसावा.

या कसोट्या किती नेमक्या आहेत, हे काही उदाहरणांवरून स्पष्ट होईल. पहाटे झाडावरून उतरविलेली माडी घ्या. तिच्यात खत नाही, औषध नाही. सेंद्रिय म्हणावी तर तिच्यासारखी तीच. तरीही ती चषकात चालत नाही. कारण ती द्राक्षवेलीचे फळ नव्हे. जांभळाची, काजूबोंडाची किंवा अननसाची घरगुती वाइनही चालत नाही. उलट भरपूर फवारण्या केलेल्या द्राक्षांपासून तयार झालेला, पण परका पदार्थ न घातलेला द्राक्षारस मिस्साला ग्राह्य ठरतो. त्या द्राक्षांच्या शेतीबद्दल आक्षेप असू शकतो. संस्काराच्या वैधतेबद्दल नाही.

आपल्या गावठाणांतील आणि चाळींतील घरांत नाताळसाठी बरणीत जी वाइन घातली जाते, तिचेही असेच आहे. काळी द्राक्षे किंवा मनुका, साखर, यीस्ट, मूठभर गहू, दालचिनी, आले असे जिन्नस तिच्यात असतात. पाहुण्यांपुढे केकबरोबर ती शोभून दिसते. वेदीवर मात्र ती अर्पण करता येत नाही. केवळ मनुकांपासून केलेला द्राक्षारस, जर रंगावरून व चवीवरून खरा द्राक्षारस असेल तर, चर्चने ग्राह्य मानला आहे. कारण मनुका हेही द्राक्षाचेच फळ. म्हणजे अडचण मनुकांची नसून साखर, गहू आणि मसाल्याची आहे. हाच न्याय साखर मिसळलेल्या सेंद्रिय फ्रेंच वाइनलाही लागतो. लेबल कितीही प्रतिष्ठित असो, उसाची किंवा बीटची साखर हा द्राक्षवेलीच्या दृष्टीने परका पदार्थच होय.

रंगाविषयीही पुष्कळदा विचारणा होते. द्राक्षारस ख्रिस्ताच्या रक्ताचे चिन्ह असल्याने तो लालच हवा, असा समज आहे. चर्चने रंगाची अट कोठेही घातलेली नाही. अनेक ठिकाणी पांढरा द्राक्षारस पसंत केला जातो, याचे कारण अगदी व्यावहारिक आहे. चषक पुसण्याच्या पांढऱ्या सुती वस्त्रावर लाल डाग पडतात आणि ते सहजी निघत नाहीत. ती वस्त्रे धुणाऱ्या धर्मभगिनींना आणि सेवाभावी महिलांना हे कारण समजावून सांगावे लागणार नाही.

आपली हवा आणि उघडी बाटली

‘न बिघडलेला’ ही अट ठाणे-कल्याणच्या हवेत विशेष महत्त्वाची ठरते. मिस्साला द्राक्षारस लागतो तो थोडाच. त्यामुळे एक बाटली अनेक दिवस पुरते आणि ती तेवढे दिवस उघडी राहते. एप्रिल-मेच्या उकाड्यात कोरडी पांढरी वाइन काही दिवसांतच आंबट होऊ लागते. सल्फाइट जितके कमी तितका हा धोका अधिक. म्हणजे आरोग्याच्या दृष्टीने आपण ज्याला गुण समजतो, तोच वेदीच्या कपाटात दोष ठरू शकतो. पूर्णपणे व्हिनेगर झालेला द्राक्षारस हा द्राक्षारस राहतच नाही आणि त्यावर मिस्सा वैध होत नाही.

ही अडचण चर्चला फार पूर्वीच जाणवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोमने अशी मुभा दिली, की द्राक्षारस टिकावा म्हणून त्यात द्राक्षांपासूनच काढलेला मद्यार्क, एकूण प्रमाण १८ टक्क्यांच्या पुढे न जाईल इतका, मिसळता येईल. भर घालावयाची तर ती द्राक्षाचीच असावी, हे तत्त्व येथेही पाळलेले दिसते. मिस्साचा द्राक्षारस अनेकदा गोडसर व किंचित कडक लागतो, त्याचे एक कारण हेही आहे. साक्रिस्तीची जबाबदारी सांभाळणाऱ्यांनी यावरून एवढे ध्यानी घ्यावे, की बाटली लहान आणावी, घट्ट बंद करून थंड जागी ठेवावी, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वास आंबट आला तर फादरांना आधी सांगावे.

हमी कोण देणार?

लेबलवरून मिस्साची वैधता कळत नसेल, तर ती कळावी कशी? चर्चचे उत्तर असे, की ओळखीच्या आणि विश्वासू हातांतून आलेला द्राक्षारस घ्यावा. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रेदेम्प्सियोनिस साक्रामेंतुम’ या रोमच्या निर्देशपत्रात, ज्याच्या खरेपणाविषयी किंवा उगमाविषयी शंका आहे असा द्राक्षारस वापरण्यास स्पष्ट मनाई केली आहे. जून २०१७ मध्ये भक्तिविधी विभागाचे तत्कालीन प्रमुख कार्डिनल रॉबर्ट सारा यांनी जगातील बिशपांना पत्र लिहिले. पूर्वी भाकर व द्राक्षारस पुरविण्याचे काम काही धर्मसंघ करीत. आता या वस्तू बाजारातून आणि इंटरनेटवरूनही विकत घेतल्या जातात, म्हणून त्यांच्या शुद्धतेवर बिशपांनी देखरेख ठेवावी, असा त्या पत्राचा आशय होता. जनुकीय बदल केलेल्या पिकांपासून तयार झालेली भाकर व द्राक्षारसही ग्राह्य ठरू शकतात, हेही त्यात नमूद आहे. चर्चची कसोटी सेंद्रियतेची नाही, हे यावरून आणखी स्पष्ट होते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला कायद्याचीही एक बाजू आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने मद्याचे उत्पादन, विक्री आणि बाळगणे यांवर कडक निर्बंध घातले. परंतु धर्मविधीसाठी लागणाऱ्या मद्यासाठी अधिकारपत्राची स्वतंत्र तरतूद त्याच कायद्यात ठेवली. दारूबंदीच्या कडक वर्षांतही मिस्सा चालू राहिला, तो या तरतुदीच्या आधारे. केरळमध्ये तर काही धर्मप्रांत उत्पादनशुल्क खात्याच्या परवान्याने मिस्साचा द्राक्षारस स्वतःच तयार करतात. ही सवलत विश्वासाने मिळालेली आहे. तिचा उपयोग वेदीपुरताच राहावा, ही जबाबदारी धर्मग्रामातील आपणा सर्वांची आहे.

सेंद्रिय म्हणजे निरुपद्रवी नव्हे

एक इशारा येथे देणे आवश्यक वाटते. ‘सेंद्रिय आहे, म्हणजे अपाय नाही’ असे म्हणून पेला भरणारे आपल्यातही आहेत. द्राक्षे सेंद्रिय असली तरी किण्वनातून तयार होणारा मद्यार्क तोच असतो आणि यकृत त्यात भेद करीत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले, की आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णपणे सुरक्षित म्हणता येत नाही. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मोठ्या दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा शेतकऱ्याचा लाभ की कुटुंबाची हानी, असा वाद राज्यभर झाला. दोन्ही बाजूंत तथ्य होते. व्यसनाने मोडलेली घरे आपल्या वस्त्यांत आहेत आणि त्या घरांतील माता-भगिनींना लेबलवरील हिरव्या पानाने दिलासा मिळत नाही. व्यसनातून सावरणाऱ्या धर्मगुरूला अनुज्ञेय अधिकाऱ्याच्या परवानगीने जवळजवळ न आंबलेला द्राक्षांचा रस वापरण्याची मुभा चर्चने दिली आहे, ती या दुर्बलतेची जाण ठेवूनच.

शेवटी, त्या बाटलीचे काय?

ठाण्याच्या ख्रिस्ती इतिहासात हा प्रश्न नवा नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मबंधूंनी हौतात्म्य पत्करले. त्यांच्यासोबत आलेले फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डन यांनी त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन दफन केले. कोकणाच्या या दमट पट्ट्यात ताड-माड उदंड. द्राक्षाचे पीक मात्र साधत नाही. मिस्सासाठी लागणारा द्राक्षारस किंवा मनुका बाहेरूनच याव्या लागत. दुरून आलेल्या द्राक्षारसावर विसंबण्याची सवय या भूमीला अशी सातशे वर्षांची आहे; आणि दुरून आलेल्या वस्तूचा उगम विचारून घेण्याची गरजही तितकीच जुनी.

म्हणून फ्रान्सची सेंद्रिय बाटली घरात आलीच, तर तिचे मोल तिच्या ठिकाणी ओळखावे. मातीची काळजी घेणाऱ्या हातांचा तो मान आहे. ती मिस्सासाठी द्यावीशी वाटली तर न उघडता फादरांच्या हाती द्यावी, ती कोठून आली ते सांगावे आणि निर्णय त्यांच्यावर सोपवावा. साखर घातली आहे की नाही याची खात्री पटली नाही म्हणून त्यांनी ती वेदीवर नेली नाही, तर तो आपल्या दानाचा अवमान समजू नये. आणि पुढच्या रविवारी अर्पणाच्या वेळी चषक उंचावला जाईल, तेव्हा अवकाळी पावसाच्या रात्री बागेत कंदील घेऊन उभ्या राहणाऱ्या घाटावरच्या बागाईतदारासाठीही मनोमन एक प्रार्थना करावी. वेदीवर आपण अर्पण करतो त्यात मानवी हातांचे कष्टही असतात आणि ते कष्ट कोणत्याही लेबलवर छापलेले नसतात.